शिफारसपत्राचं अकरावीतच विचारा

अमेरिकेत मूल अकरावीत असेल, तर एसएटी या प्रवेशपरीक्षेच्या धामधुमीत एक काम हमखास मागे पडतं: कॉलेजच्या अर्जांसाठी लागणारी शिक्षकांची शिफारसपत्रं. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत मुलानं स्वतः जाऊन विचारावं. आईबाबांनी ईमेल पाठवू नये. अर्ली, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी करायच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 नोव्हेंबरला संपते. सप्टेंबरमध्ये आवडत्या शिक्षकांकडे रांग लागते आणि काही जण ठरावीक पत्रांनंतर चक्क नकार देतात.

शिक्षक शक्यतो अकरावीचेच निवडा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाला एक पत्र गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकांचं आणि दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांचं लागतं.

होकार मिळाला की शिक्षकांना मुलाबद्दल पानभर टिपण द्या. त्यात नुसतं ‘मेहनती आहे’ नको. ‘टायट्रेशनचं उत्तर जुळेना, म्हणून जेवणाच्या सुट्टीत थांबून प्रयोग पुन्हा केला’ असं लिहिलं, तर शिक्षकांना धरायला काहीतरी मिळतं. आपल्या घरांत स्वतःबद्दल बोलणं म्हणजे बढाई, असं मुलांच्या मनावर बिंबलेलं असतं. तो संकोच इथे खरंच नडतो, त्यामुळे टिपण लिहिताना शेजारी बसा.

आणि अनेक कॉलेजांना एकाच फॉर्मवर अर्ज करता येणाऱ्या कॉमन अ‍ॅपमध्ये ‘पत्र वाचण्याचा हक्क सोडता का?’ असं विचारतील, तिथे हो म्हणा. गोपनीय पत्रावर कॉलेजं जास्त विश्वास ठेवतात.