पन्हा किती आहे? – डिझाइन कॉलेजच्या खुल्या टॉक्सना जाणाऱ्या नव्या पोरापोरींसाठी

परवा इचलकरंजीहून एका मुलीचा फोन आला, आमच्या गल्लीतलीच, आत्ता बारावीला आहे आणि तिला फॅशन डिझाइनला जायचंय. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, आपली अॅडमिशन नसली तरी आत सोडतात का गं, ते लेक्चर वगैरे ऐकायला?" मला एकदम माझं बारावीचं वर्ष आठवलं, कारण हाच प्रश्न तेव्हा मलाही पडलेला आणि विचारायला कुणीच नव्हतं. तिच्याशी तासभर बोलले, त्यातलं बरंचसं इथे लिहून ठेवतेय, अजून कुणाला तरी लागेल.

तर हो, सोडतात. सगळ्याला नाही, पण बऱ्याच गोष्टींना. ज्युरी, म्हणजे मुलांच्या कामाचं परीक्षण, असते ती आतल्यांसाठीच, क्लासमधले मास्टरक्लासही बहुतेक वेळा आतल्यांसाठीच. पण बाहेरचा डिझायनर येऊन ऑडिटोरियममध्ये बोलतो ते टॉक, पॅनल डिस्कशन, क्राफ्ट बाजार, फायनल इयरच्या मुलांचं डिस्प्ले, अॅडमिशनच्या सीझनला असतं ते ओपन हाऊस, यातलं बरंच काही बाहेरच्यांसाठी खुलं असतं आणि फुकट असतं. फक्त नाव आधी नोंदवायला लागतं आणि गेटवर ओळखपत्र दाखवायला लागतं. माहिती कॉलेजच्या इन्स्टाग्रामवर मिळते, वेबसाइटवर बऱ्याचदा कार्यक्रम होऊन गेल्यावर फोटोच दिसतात, म्हणून डिपार्टमेंटची आणि स्टुडंट क्लबची पेजेस फॉलो करा. आणि शंका असेल तर सरळ फोन करून विचारा, "मी बारावीत आहे, आले तर चालेल का?" मी असं विचारलंय तेव्हा एकदाही कुणी नाही म्हटलेलं नाही.

माझं थोडं सांगते म्हणजे पुढचं कळेल. आमचे घरचे माग आहेत, म्हणजे यंत्रमाग, आठ. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून अख्खं गाव त्या खटखटाटावर जगतंय, मी पण त्याच आवाजात अभ्यास केला. पुढे नवी मुंबईतल्या एका कॉलेजात टेक्स्टाइल डिझाइनला नंबर लागला. तिथे पहिल्या महिन्यात मला वाटायचं की आपण चुकीच्या जागी आलोय, सगळ्यांचं इंग्लिश फाडफाड, मूडबोर्ड काय, सिलुएट काय, कुणाची मावशी पॅरिसला आणि कुणाच्या आईचं बुटीक. मी वर्गात तोंड उघडायचे नाही.

त्या सेमिस्टरला एका डिझायनर बाईंचं टॉक होतं, हातमागाच्या कॉटनमध्ये काम करणाऱ्या. स्लाइड्स सुंदर होत्या, एक चौकटीच्या कापडाचा ड्रेस होता, पूर्ण बायसवर कापलेला. शेवटी प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि सगळे विचारत होते की तुमची इन्स्पिरेशन काय, तुम्हाला हे सुचतं कसं, आणि बाई छान उत्तरं देत होत्या पण तीच तीच देत होत्या. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललेलं, कारण बायस म्हणजे कापड तिरकं धरून पंचेचाळीस अंशात कापायचं, त्यात कापड किती वाया जातं हे मागवाल्या घरातल्या लेकराला कळतं, आणि हातमागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मुळात कमी असतो. तर मी हात वर केला आणि माईक आल्यावर इंग्लिश सुचेना, म्हणून हिंदीत विचारलं, "मॅम, इस कपडे का पन्हा कितना है, और बायस पे काटने के बाद वेस्ट कितना जाता है?"

पन्हा म्हटल्यावर मागे दोघंतिघं हसले. बाई हसल्या नाहीत. त्या स्टेजच्या कडेला येऊन बसल्या आणि म्हणाल्या, हे मला कटिंग करणारे मास्टरजी विचारतात, स्टुडंटने पहिल्यांदा विचारलं. आणि मग दहा-बारा मिनिटं त्या फक्त तेवढ्यावरच बोलल्या. पन्हा कमी म्हणून घेराला जोड कुठे घ्यायचा, चौकटी जोडावर जुळवायच्या तर कापड अजून जास्त लागतं, मार्कर लावताना म्हणजे पॅटर्नचे तुकडे कापडावर मांडताना मोठे तुकडे आधी आणि फटींमध्ये खिसे, पायपिन, बटणांची कव्हरं, तरीही उरतं त्या चिंध्यांचं गोधडीसारखं पॅचवर्क, आणि हे सगळं धरल्याशिवाय ड्रेसची किंमत ठरवताच येत नाही. माझ्या वहीत त्या एका टॉकची चार पानं भरली. बाहेर पडताना एक सीनियर येऊन म्हणाला, तुझ्या प्रश्नामुळे मला माझं कॉस्टिंग कळलं.

म्हणून नव्या लोकांना माझं पहिलं सांगणं हेच, की "कसं" विचारा. कापड कुठून आणलं, किती मीटर लागलं, सँपल किती वेळा फसलं, एका तुकड्याला किती दिवस, कारीगराला पैसे दिवसावर की नगावर. इन्स्पिरेशन मुलाखतीत पण वाचायला मिळते, ह्या गोष्टी फक्त समोरासमोर कळतात. आणि मराठीत किंवा हिंदीत विचारलं तर काही बिघडत नाही, अहो कारखान्यात, टेलरिंगच्या फ्लोअरवर कोण इंग्लिश बोलतं? पन्हा, ताणा, बाणा, अस्तर, चुण्या, कळी हे शब्द तुम्ही घरून घेऊन आलायत, ते लपवू नका.

एक मात्र करू नका, भर सभेत माईकवर इंटर्नशिप मागू नका. टॉक संपल्यावर दोन मिनिटं भेटा, नाव सांगा, टॉकमधली एक नेमकी गोष्ट बोला, मेल आयडी विचारा आणि दुसऱ्याच दिवशी चार ओळींचा मेल टाका. मला पहिली इंटर्नशिप अशाच मेलमधून मिळाली, आणि तीसुद्धा टॉकनंतर पाच महिन्यांनी.

आता क्राफ्ट बाजार. माझ्या मते अख्ख्या वर्षात एकच दिवस जायला मिळणार असेल तर ह्याच्यासाठी जा. निफ्टसारख्या (म्हणजे फॅशन शिकवणारी सरकारी राष्ट्रीय संस्था) कॉलेजांमध्ये मुलं क्लस्टरला जाऊन क्राफ्ट डॉक्युमेंटेशन करतात, म्हणजे विणकरांच्या, कारागिरांच्या गावात राहून त्यांचं काम नोंदवतात, आणि मग तेच कारागीर कॅम्पसवर येऊन स्टॉल लावतात, करून दाखवतात. माझ्या दुसऱ्या वर्षी येवल्याचे एक काका आले होते पैठणी घेऊन. मी लहानपणापासून आईची पैठणी बघितलेली पण ती कपाटात, हात लावायची सोय नाही. काकांनी पदर उलटा करून दाखवला आणि म्हणाले, "बघ बाळा, उलटं कुठलं आणि सुलटं कुठलं ते सांग." मला सांगता येईना. पदराच्या मोरातला प्रत्येक रंग वेगळ्या छोट्या कांडीवर असतो, तो तेवढ्याच जागेत फिरतो आणि शेजारच्या रंगात अडकवून परत फिरतो, त्यामुळे मागे लोंबते धागे राहतच नाहीत. मागाच्या मशीनवर काढलेल्या नक्कलेत उलट्या बाजूला धागे तरंगताना दिसतात. आमच्याकडे एक यंत्रमाग मिनिटाला शंभराच्या वर बाणे, म्हणजे आडवे धागे, टाकतो हो, आणि काका म्हणाले भरलेल्या पदराचं दिवसाला काही इंचच काम होतं. मी त्यांच्या स्टॉलवर दुपारभर बसून राहिले, पुढचे दोन लेक्चर चुकले आणि मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

तिथे गेलात तर फोटो काढायच्या आधी विचारा. आणि खूप प्रश्न विचारणार असाल तर स्टॉलवर गर्दी नसताना, सकाळी सकाळी जा, कारण ते विकायला आलेले असतात, तुमच्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक जायला नको. जमलं तर काहीतरी छोटं विकत घ्या, रुमाल असेना का.

सात ऑगस्टच्या आसपासही बघत जा. १९०५ मध्ये त्या दिवशी स्वदेशी चळवळीची हाक दिली गेली, त्याची आठवण म्हणून २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन असतो आणि बऱ्याच कॉलेजांत टॉक, प्रात्यक्षिकं असतात.

एप्रिलमधली टॉक्स वेगळी असतात आणि ती ऐकायला थोडं मन घट्ट करून जावं लागतं. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ साव्हारला राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली, ११३४ माणसं गेली, बहुतेक शिलाई करणाऱ्या बायका आणि पोरी. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, पण वरच्या मजल्यांवरच्या गारमेंट कारखान्यांनी कामगारांना दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्यानंतर फॅशन रिव्होल्यूशन ही चळवळ सुरू झाली आणि माझे कपडे कोणी बनवले हा प्रश्न दरवर्षी त्या आठवड्यात विचारला जातो. मी ते पहिलं टॉक ऐकलं त्या रात्री पप्पांना फोन केला आणि विचारलं की आपल्याकडे रात्रपाळीला कोण आहे, वायरिंग कधी बघितलंय. पप्पा म्हणाले, का गं अचानक? पण पुढच्या महिन्यात त्यांनी शेडचं सगळं वायरिंग बदललं. डिझाइन कॉलेजचं एक टॉक इतक्या लांब जाऊन पोचतं हे मला तेव्हा कळलं.

पास होऊन बरीच वर्षं झाली तरी मी अजून टॉक्सना जाते. गेल्या वर्षीचं एक पॅनल तर मला जन्मभर लक्षात राहील. जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारखी चप्पल आली आणि कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं, आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच, आणि नंतर कंपनीने मान्यही केलं की ती भारतीय हस्तकलेवरून आलीय. ह्या विषयावरच ते पॅनल होतं, वकील, चप्पल बनवणारे आणि डिझाइनचे शिक्षक. मी कोल्हापूर जिल्ह्यातली, मी रागातच गेले होते की आपल्याकडे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे तरी असं कसं होतं. तिथे पहिल्यांदा नीट कळलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळाला, पण तो एकट्या कोल्हापूरचा नाहीये, महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून आहे. जीआय नावाला आणि मूळ जागेला संरक्षण देतो, चपलेच्या आकाराला नाही, आणि आपली नोंदणी भारतात चालते, बाहेरच्या देशात वेगळी करावी लागते. म्हणजे कुणी नाव न घेता तसाच आकार केला तर कायद्याने पकडणं अवघड. माझा राग गेला नाही पण तो नेमका कशावर करायचा ते समजलं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी तर असलं पॅनल अजिबात सोडू नये, कारण पुढे तुम्ही पण कुणाच्या तरी गावचा नमुना उचलणार आहात, आणि नाव कुणाचं लावायचं, पैसे कुणाला द्यायचे हे तुम्हालाच ठरवायला लागणार आहे.

फॅशन शोमध्ये व्हॉलंटियर व्हायचं का असं पण त्या मुलीने विचारलं. एकदा तरी व्हा. बॅकस्टेजला ड्रेसर म्हणून उभं केलं तर एका मॉडेलचा रॅक तुमच्या ताब्यात असतो, प्रत्येक लूकचा फोटो टांगलेला, कुठला बेल्ट कुठल्या लूपमधून, आणि दोन लूकच्या मध्ये कधीकधी मिनिटभरच मिळतं. कपड्याची चेन कुठे हवी, हुक का नको, हे मला पॅटर्नच्या क्लासपेक्षा तिथे जास्त पटलं. पण आधी विचारून घ्या, किती तास, जेवण आहे का, रात्री परत कसं जायचं. मी एका कार्यक्रमात चौदा तास उभी होते, पाण्याशिवाय काही दिलं नाही आणि शेवटची लोकल निघून गेली. आम्ही चार मुली पहाटेपर्यंत स्टेशनवर बसलो. नवीन आहोत म्हणून विचारायला लाजलो, तसं तुम्ही लाजू नका.

आणि अॅडमिशन व्हायच्या आधीच करायची गोष्ट म्हणजे डिस्प्ले बघणं. मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचं, तिथलं वार्षिक प्रदर्शन थंडीच्या दिवसात असतं आणि कुणीही जाऊन बघू शकतं, टेक्स्टाइलच्या मुलांचं काम पण असतं. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत मुंबईतच काळा घोडा फेस्टिव्हल, तिथल्या टॉक्स आणि वर्कशॉपना आधी नाव द्यायला लागतं, जागा पटकन भरतात. डिस्प्लेमध्ये नुसता फायनल पीस बघून पुढे जाऊ नका, शेजारी प्रोसेसची फाइल ठेवलेली असते ती उघडा, फसलेले स्वॉच म्हणजे कापडाचे छोटे नमुने, खोडलेली स्केचेस, सगळं असतं त्यात. निफ्टच्या परीक्षेत सिच्युएशन टेस्ट असते ना, दिलेल्या साहित्यातून काहीतरी उभं करायचं, त्याला क्लासच्या नोट्सपेक्षा ह्या फाइल्स बघितल्याचा मला जास्त उपयोग झाला. आणि काम केलेला मुलगा किंवा मुलगी तिथेच उभी असते, दिवसभर कुणी नीट काही विचारत नाही म्हणून कंटाळलेली, तुम्ही विचारलंत तर भरभरून सांगेल.

ती मुलगी आता फेब्रुवारीत येतेय, आईला घेऊन, महालक्ष्मी एक्सप्रेसने. सीएसएमटीला उतरायचं, आधी जेजे, तिथून चालतच काळा घोडा, आणि मग माझ्याकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी खारघरला निफ्टमध्ये काही खुलं असेल तर तिकडे. वही आणि पेन्सिल आण म्हटलं, चप्पल साधी घाल. आणि येताना घरच्या मागावरचं वीतभर ग्रे कापड, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं, पिशवीत टाक, कडेला पेनाने त्याचं काउंट (सुताचा नंबर) आणि पन्हा लिहून.