शाळा कधी घरी, कधी वर्गात: साथीच्या काळात लहान मुलांच्या अभ्यासात या चुका टाळा

एप्रिल २०२० मध्ये जगभरात सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांच्या शाळा एकाच वेळी बंद होत्या. घरून शिकायची आणि शिकवायची सवय कोणालाच नव्हती, त्यामुळे चुका होणारच होत्या. पण पहिली ते चौथीच्या मुलांना सगळ्यात महागात पडलेली चूक नेटवर्कची नव्हती, घरातल्या मोठ्यांची होती.

उत्तर कुजबुजणं

ऑनलाइन वर्ग चालू आहे. बाई विचारतात, "सत्तावीस आणि पंधरा किती?" मूल अडखळतं. कॅमेऱ्यात न दिसणारी आई हळूच म्हणते, बेचाळीस. मूल तेच बोलतं, बाई शाबासकी देऊन पुढे सरकतात. मुलाला हातचा कळलेला नाही हे घरात ठाऊक आहे, फक्त बाईंना ठाऊक नाही.

प्रत्यक्ष वर्गात याच बाई बाकांमधून फिरताना वहीत ३१२ लिहिलेलं बघतात आणि तिथल्या तिथे ओळखतात, की सात आणि पाच बारा तसेच खाली उतरवले आणि दशकांचे तीन त्यांच्या डावीकडे मांडले. शिक्षकाला नेमकं हेच चुकलेलं उत्तर हवं असतं आणि घरी आपण तेच झाकतो.

गृहपाठाचंही तसंच. शुद्धलेखन सुधारून, पान पुन्हा उतरवून घेऊन त्याचा फोटो पाठवू नका. खाडाखोडीचं पहिलं पान पाठवा आणि खाली लिहा, "पहिली दोन स्वतः सोडवली, तिसऱ्याला मदत केली." शिक्षकांनीही तीस मुलांसमोर उत्तर विचारत बसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा चार-पाच जणांना वेगळं बोलवावं, मोठ्याने वाचून घ्यावं आणि "कसं काढलंस?" असं विचारावं. याचं उत्तर सहजासहजी कुजबुजता येत नाही.

शाळेचं वेळापत्रक घरात आणणं

सहा तासांच्या शाळेत सहा तास शिकवणं कधीच नसतं. हजेरी, रांगा, डबा, खेळ, हरवलेलं खोडरबर यात बराच वेळ जातो. तेवढे तास मुलाला पडद्यासमोर बसवण्यात काही अर्थ नाही. पंधरा-वीस मिनिटांचे दोन-तीन तुकडे, मध्ये उठून हुंदडणं, आणि दिवसातून एकदा पुस्तक हातात घेऊन मोठ्याने वाचन, एवढं या वयाला पुरतं. डोळ्यांसाठी २० मिनिटांनी एकदा २० फूट लांब २० सेकंद बघायला सांगा.

कॉलवर सगळ्यांनी मिळून पाढे म्हणणं तर सोडूनच द्या. प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचतो आणि नुसता गलका होतो. माइक बंद ठेवून म्हणावेत किंवा एकेकाने.

मूल वर्गाला बसत नाही?

लगेच आळशी ठरवू नका. आधी त्याच्या जागी बसून बघा. फळ्यावरची अक्षरं मोबाइलवर मुंगीएवढी दिसत असतील. आवाज तुटत असेल. खुर्ची उंच असेल आणि पाय लोंबकळत असतील. यातलं काही नसेल, तर मागच्या इयत्तेतलं एखादं गणित देऊन बघा. बहुतेक वेळा मुलाचा धागा तिथेच कुठेतरी सुटलेला असतो.

शाळा उघडल्यावर

कोविडमध्ये बऱ्याच ठिकाणी बाकं पुन्हा पुन्हा पुसली गेली आणि खिडक्या मात्र बंद राहिल्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं होतं, की विषाणू असलेल्या पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दर वेळी दहा हजारांत एकापेक्षाही कमी असते. खरी काळजी हवेची. समोरासमोरच्या खिडक्या-दारं उघडा. छताचा पंखा आतली हवा आतच फिरवतो, म्हणून शक्य असेल तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा.

मास्कमुळे अक्षरओळखही अडते. 'प' आणि 'म' म्हणताना ओठ मिटतात, 'त' म्हणताना मिटत नाहीत, हे मुलांना दिसायला हवं. तेवढा पाठ उघड्यावर, अंतर ठेवून घ्या किंवा तोंड स्पष्ट दिसेल असा छोटा व्हिडिओ दाखवा.

अर्धी मुलं वर्गात, अर्धी पडद्यावर आणि शिक्षक एकच, ही पद्धत मला तरी सगळ्यात वाईट वाटते. कोणाकडेच धड लक्ष राहत नाही. त्यापेक्षा दिवस वाटून घ्यावेत. शाळेच्या दिवशी नवीन शिकवणं आणि वह्या बघणं, घरच्या दिवशी सराव.

राहिलेला अभ्यासक्रम धावतपळत उरकू नका. आधी दोन-चार दिवस प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक उतारा वाचून घ्या, जोडाक्षरं कुठे अडतात ते बघा, उसने घेऊन करायची एक वजाबाकी द्या. त्यावरून गट पाडा, पण दर दोन-तीन आठवड्यांनी ते बदला, नाहीतर मागचा गट कायम मागचाच राहतो.

आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस साथ संपेपर्यंत बंद ठेवा. त्यापायी ताप आलेलं मूलही शाळेत पाठवलं जातं. ताप असलेल्या दिवशी अभ्यास बुडाला तरी चालेल, फक्त काय शिकवलं याची चिठ्ठी घरी पोचू द्या.