मेजर जिंकलेला अनपेक्षित गडी टिकणार का? पैज लावायच्या आधी काय बघायचं

पुण्यात गोल्फ म्हटलं की निम्म्या लोकांना येरवड्याचा गोल्फ क्लब चौक आठवतो, तोही ट्रॅफिकमुळे. पण आमचा सहा-सात जणांचा एक ग्रुप आहे जो मेजरच्या (मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटिश ओपन या चार सगळ्यात मोठ्या गोल्फ स्पर्धांच्या) आठवड्यात झोपेचं खोबरं करून घेतो. ब्रिटिश ओपन असेल तर बरं असतं, रविवारी रात्रीच उरकतं, यूएस ओपन म्हणजे थेट सोमवारी पहाट, दूधवाला आणि ट्रॉफी एकदमच येतात.

2023 च्या जुलैत बाहेर पाऊस, तिकडे इंग्लंडात हॉयलेकलाही पाऊस, आणि ब्रायन हार्मन नावाचा बुटकासा डावखुरा सहा शॉट्सनी ओपन जिंकला. आधीची सहा वर्षं पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) एकही टायटल नाही त्याच्याकडे. मी जोशात म्हटलं हा आता सुटला, वर्षभरात अजून एक जिंकतोच, लावा मिसळ. ग्रुपमधले एक काका फक्त हसले. पुढचं टायटल आलं एप्रिल 2025 मध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षांनी, तोवर मी अख्ख्या ग्रुपला मिसळ खिलवून मोकळा झालो होतो. त्यानंतर जे शिकलो ते खाली लिहितोय.

सगळ्यात आधी जिंकला कशाच्या जोरावर ते बघा, बाकी सगळं नंतर. हार्मनने त्या आठवड्यात दहा फुटांच्या आतले 59 पैकी 58 पुट (ग्रीनवरून होलमध्ये ढकलायचे हलके फटके) घातले. आता गंमत बघा, आठ फुटांवरून टूरवरचे खेळाडूसुद्धा साधारण निम्म्या वेळाच बॉल आत घालतात. म्हणजे हार्मन चार दिवस जे करत होता ते कोणीच वर्षभर करू शकत नाही, तो स्वतःही नाही. पुटिंग आठवड्या-आठवड्याला वरखाली होतं, आयर्नचे (ग्रीनकडे मारायचे) शॉट्स आणि ड्रायव्हिंग (होलचा पहिला लांब फटका) त्या मानाने टिकून राहतं. हे मोजायला स्ट्रोक्स गेन्ड नावाचा आकडा आहे, मार्क ब्रोडी या कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या प्रोफेसरने तो रुजवला, आणि पीजीए टूरच्या साइटवर फुकट बघायला मिळतो. नाव ऐकून घाबरू नका, बाकीच्यांच्या सरासरीपेक्षा कुठल्या भागात किती शॉट्स कमावले एवढंच. अप्रोचमध्ये, म्हणजे ग्रीनकडे मारलेल्या शॉट्समध्ये, कमाई असेल तर पैज लावा, नुसती पुटिंगमध्ये असेल तर खिसा सांभाळा. मी नेमकं उलटं केलं होतं.

मग जिंकायच्या आधीची दोन वर्षं काढून बघा. खरोखर कुठूनही न आलेला माणूस फार क्वचित असतो, बहुतेक वेळा आपणच बघत नसतो. जे. जे. स्पॉन 2025 ची यूएस ओपन जिंकला तेव्हा आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज होता, हा कोण रे? अरे, तीनच महिन्यांपूर्वी प्लेयर्स चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत तो रोरी मॅकलरॉयशी प्लेऑफला (बरोबरी झाल्यावरच्या जादा होलना) गेला होता! त्या यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी ओकमॉन्टला पहिल्या सहा होलमध्ये पाच बोगी (पारपेक्षा, म्हणजे होलला ठरलेल्या शॉट्सपेक्षा, एक जास्त), मग पावसाने खेळ थांबला, आणि परत आल्यावर शेवटी 18 व्या होलला 64 फुटांचा पुट आत, सगळ्या खेळाडूंमध्ये पारच्या खाली राहिलेला एकटा. तो पुट बाजूला ठेवा, ती लॉटरी. मार्चमधला प्लेऑफ धरा, तो खरा पुरावा, आणि ऑगस्टमध्ये मेम्फिसला तो पुन्हा प्लेऑफपर्यंत गेला (तिथे जस्टिन रोझकडून हरला) तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

याच्या उलट बेन कर्टिस. 2003 ची ओपन जिंकला तेव्हा जागतिक रँकिंग 396, आयुष्यातली पहिलीच मेजर. थॉमस ब्यॉर्नचे 16 व्या होलच्या बंकरमध्ये तीन शॉट्स गेले आणि ट्रॉफी याच्याकडे आली. असा माणूस टिकणार नाही असं तुम्ही म्हणाल, मीही म्हटलं असतं. पण त्याने 2006 मध्ये टूरवर दोनदा जिंकलं, 2008 च्या पीजीए चॅम्पियनशिपला संयुक्त दुसरा आला, रायडर कप (अमेरिका विरुद्ध युरोप) खेळला. म्हणून 'टिकणं' म्हणजे नक्की काय ते पैज लावतानाच ठरवून घ्या, नाहीतर नंतर वाद होतात. अजून एक मेजर म्हणत असाल तर जवळजवळ कुणावरच पैसे लावू नका. जॉन डेलीसारखे अपवाद सोडा, 1991 ला पीजीए चॅम्पियनशिपच्या वेटिंग लिस्टवर नववा नंबर असताना ऐनवेळी आत येऊन जिंकला आणि 1995 ला सेंट अँड्र्यूजला ओपनही उचलली.

त्याच 2003 चा शॉन मिशील आठवतो का? पीजीएचा शेवटचा होल, पावणेदोनशे यार्डांवरून सेव्हन आयर्न, बॉल कपपासून दोन इंचावर. इतका सुंदर शॉट मेजरच्या शेवटच्या होलला मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पीजीए टूरवर तो त्याआधी कधी जिंकला नव्हता आणि नंतरही कधी जिंकला नाही. आपल्याकडे क्रिकेटमध्ये नरेंद्र हिरवाणीचं तसंच, पहिल्याच टेस्टमध्ये वेस्ट इंडिजच्या 16 विकेट्स, आणि पुढच्या 16 टेस्टमध्ये मिळून 50. आता याला कोणी फ्लॉप म्हणालं तर मी भांडेन.

रँकिंगला फसू नका. मेजरचे पॉइंट्स भरपूर असतात, पहिले 13 आठवडे पूर्ण धरतात आणि मग हळूहळू कमी होत दोन वर्षांनी संपतात, त्यामुळे गडी वर्षभर वाईट खेळला तरी लिस्टमध्ये ऐटीत दिसतो. शिवाय पाच वर्षं टूर कार्डाची (टूरवर खेळायच्या हक्काची) चिंता नाही, बाकीच्या मेजरचं आमंत्रण पाच वर्षं, मास्टर्स जिंकली तर तिथे आयुष्यभर. तो अजून मोठ्या स्पर्धा खेळतोय यावरून काहीच सिद्ध होत नाही. लागोपाठ किती कट पार केले (पहिल्या दोन दिवसांनंतर बाहेर न जाता किती स्पर्धांत टिकला) ते बघा, आणि जिंकल्यानंतरचे पहिले दोन-तीन महिने सोडून द्या, तेव्हा माणूस मुलाखती आणि सत्कारातच असतो.

अजून एक, त्याचा खेळ एखाद्या अवजारावर उभा आहे का? कीगन ब्रॅडली 2011 ला पहिल्याच मेजरमध्ये पीजीए जिंकला, पोटाला टेकवायच्या लांब पुटरने. 2016 पासून पुटर अंगाला टेकवायला बंदी आली आणि त्याचं पुटिंग कोलमडलं, टूरवर परत जिंकायला 2018 उजाडलं. पण बाकीचा खेळ दणकट होता म्हणून तो परतला, 2024 आणि 2025 मध्येही जिंकला.

काकांना हे सगळं दाखवलं तर म्हणाले, एवढं बघतोस तर आपल्या पुण्याच्या उदयन मानेचे स्कोअर कधी बघतोस का, ऑलिम्पिक खेळलाय तो. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्पॉनवर मात्र त्यांनी माझ्याशी पैज घेतली नाही.