वाचत असलेले बागेचे पुस्तक दुसऱ्याला कसे सांगावे

बागकाम करणारे एकत्र आले की "सध्या काय वाचताय?" हे विचारले जाते. पुस्तकाचे नाव आणि "छान आहे" एवढेच सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या वाफ्याला त्याचा काही उपयोग नाही. पुस्तक कुठल्या हवामानासाठी लिहिले आहे आणि त्यातले आपल्याकडे काय लागू पडते, हे सांगता आले पाहिजे.

१. आधी आवृत्तीचे वर्ष आणि लेखकाचा प्रदेश पाहा. जुन्या पुस्तकांतली कीडनाशके आज बंदी असलेली असू शकतात. एन्डोसल्फानवर २०११ साली आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आली. त्यामुळे फवारणीचा सल्ला जुन्या पुस्तकातून कुणालाही देऊ नका. छाटणी, कलमे, बी धरणे हे भाग मात्र सहसा जुने होत नाहीत.

२. महिने जसेच्या तसे सांगू नका. "मार्चमध्ये पेरा" याचा अर्थ दक्षिण गोलार्धात उलटा होतो. त्याऐवजी "शेवटच्या कडाक्याच्या थंडीनंतर", "पहिल्या पावसाआधी" अशी खूण सांगा. अमेरिकी पुस्तकांतले हवामान पट्ट्यांचे क्रमांकही जपून वापरा. ते फक्त हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानाच्या सरासरीवरून ठरतात. उन्हाळ्याची धग, दमटपणा, पाऊस यांबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

३. मापे बदलून घ्या. अमेरिकी गॅलन ३.७९ लिटरचा, ब्रिटिश ४.५५ लिटरचा. द्रवखताचे प्रमाण इथेच चुकते आणि पानांच्या कडा करपतात.

४. रोपाचे शास्त्रीय नाव टिपा, जुने आणि नवे दोन्ही. रोझमेरी आता साल्व्हिया गटात गेली आहे आणि सॅन्सेव्हिएरिया ड्रॅसिना गटात. जुन्या पुस्तकातले नाव नव्या पुस्तकाच्या सूचीत सापडले नाही, तर बहुधा कारण हेच असते.

५. सल्ला करून पाहा. सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्यावा, कारण पुस्तके एकमेकांवरून चुका उचलतात. कुंडीच्या तळाशी खडे घातले की पाणी चांगले निचरते, हे अनेक पुस्तकांत आढळते. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी, माती जवळजवळ संपृक्त होईपर्यंत, जाड खड्यांत उतरत नाही. ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. तपासायचे असेल तर सारख्या मापाच्या सहा कुंड्या घ्या. बी, माती, पाणी, जागा सारखीच ठेवा. तीन कुंड्यांत खडे घाला, तीनमध्ये नको. एकेकच कुंडी ठेवली तर रोप गोगलगायीने खाल्ले की सल्ल्याने मेले, ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पेरणीची तारीख पट्टीवर पेन्सिलीने लिहा. शाई उन्हात उडते.

६. आता सांगा, चार वाक्यांत: पुस्तक कुठल्या हवामानाचे, आवृत्ती कोणती, कुठले प्रकरण उपयोगी (पान क्रमांकासह), आणि काय करून पाहिले व काय झाले. अर्धेच वाचून झाले असेल तर तसे सांगा. अर्ध्या पुस्तकाची प्रामाणिक नोंदही खूप कामाची असते.

पुस्तक उसने देताना वाचनखुणेसाठी साधा कागद घाला. चिकट चिठ्ठ्यांचा गोंद पानाला राहतो. पुस्तक वाफ्यावर नेऊ नका. गुळगुळीत कागदाची पाने ओली होऊन सुकली की एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फाटतात. लागेल तेवढा मजकूर वहीत उतरवून घ्या आणि वही न्या.