फवारणीचा पंप उसना देताना

पावसाने उघडीप दिली की सगळ्या गावाला एकाच वेळी फवारणी उरकायची असते आणि चालू पंप मोजक्याच घरी असतात. भावकीतलं किंवा शेजारचं कुणी मागायला आलं तर नाही म्हणवत नाही. देताना काळजी असते ती मोडतोडीची. खरा धोका मात्र टाकीच्या आत असतो, कारण पंपात आधी कोणतं औषध फिरलं हे वरून दिसत नाही.

सगळ्यात घातक टू-फोर-डी हे तणनाशक. ऊस, ज्वारी, गहू, मका ही गवतवर्गीय पिकं ते सोसतात, म्हणून त्यांतलं रुंद पानाचं तण मारायला ते वापरतात. कपाशी, टोमॅटो, द्राक्ष यांना त्याचा नुसता अंशही पुरे होतो. हा अंश गाळणीच्या जाळीत, रबरी नळीच्या आत, वॉशरच्या खाचेत बसून राहतो. त्यातही एस्टर प्रकारचं औषध साध्या पाण्याने नीट निघत नाही. पाण्याने न सुटलेला थर पुढच्या कीटकनाशकातल्या द्रावकामुळे सुटतो आणि थेट पिकावर जातो. मग कपाशीची नवी पानं अरुंद, लांबट, कातरलेली, भेंडीच्या पानासारखी निघतात, शिरा ठळक होतात, शेंडा वाकतो. अनेकजण याला व्हायरस समजून आणखी दोन फवारण्या घेतात. त्यांनी काही साधत नाही. बाधलेली पानं पूर्ववत होत नाहीत. अंश थोडा असेल तर पुढची फूट हळूहळू सुधारते.

म्हणून तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा आणि टाकीवर लाल ऑइलपेंटने ‘तण’ असं ठळक लिहावं. एकच पंप असेल तर तो तणनाशकासाठी कुणालाच देऊ नका, हे आमचं स्पष्ट मत आहे. ‘साधंच औषध आहे’ यावर विसंबू नका, बाटली बघून द्या.

तरीही तणनाशकाला वापरला गेलाच, तर पंप असा धुवा. हातमोजे घाला. ३-४ लिटर स्वच्छ पाणी भरून टाकी खळखळून हलवा आणि ते पाणी नळी-नोझलमधून बाहेर काढा. असं तीनदा करा. मग १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कपडे धुण्याचा सोडा (खायचा नव्हे) विरघळवून भरा, नोझलमधून थोडं बाहेर येईपर्यंत पंप चालवा आणि ट्रिगर बंद करून रात्रभर तसंच राहू द्या. गाळणी, नोझल आणि ट्रिगरमधली जाळी काढून सोड्याच्याच पाण्यात जुन्या टूथब्रशने घासा. सकाळी सगळं नोझलवाटे काढून पुन्हा तीनदा साध्या पाण्याने धुवा. हे धुवण विहीर, ओढा आणि फळझाडांपासून लांब, पडीक जागी ओता. एवढं करूनही कपाशीच्या चार झाडांवर आधी नुसतं पाणी फवारून ३-४ दिवस बघा.

दुसरा धोका माणसाला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी, शेतमजूर दगावले. गळका पंप पाठीवर असला की औषध शर्टातून कातडीत मुरत राहतं, आणि उसना पंप घेणाऱ्याला तो कुठे गळतो ते ठाऊक नसतं. म्हणून देण्याआधी साधं पाणी भरा, ट्रिगर बंद ठेवून दाब धरा आणि ५ मिनिटं थांबा. झाकणाचा वॉशर, नळीची क्लिप, टाकीचा तळ हाताने चाचपा. एक थेंब जरी लागला तरी वॉशर बदलल्याशिवाय पंप देऊ नका.

परत आल्यावर नोझल आधी बघा. तुंबलं की लोक तारेने किंवा टाचणीने कोरतात, त्याने भोक मोठं होतं. तोंडाने फुंकणं तर विष तोंडात घेणंच. एक मिनिट बादलीत पाणी सोडून मोजा. त्याच प्रकारच्या नव्या नोझलपेक्षा १० टक्क्यांहून जास्त पाणी आलं तर नोझल टाकून द्या, नाहीतर औषधाचा हिशेब चुकतो.

बॅटरीच्या पंपासोबत त्याचाच चार्जर द्या. १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण उतरलेली तशीच आठवडाभर पडली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट साचतं आणि मग ती चार्ज धरत नाही. पंप संध्याकाळी परत आला तर त्याच रात्री चार्जिंगला लावा.