लेओव्हिल बार्टनची बाटली: घेण्यापासून ओतण्यापर्यंत

लेओव्हिल बार्टन ही फ्रान्समधल्या बोर्दोची तांबडी वाइन. तिच्या लेबलवर जो वाडा दिसतो, तो लेओव्हिलचा नाही. बोर्दो शहराच्या उत्तरेला, जिरोंद नदीमुखाच्या डाव्या काठावर सां-झुलियां हे गाव आहे. मूळ आयर्लंडच्या बार्टन घराण्यातल्या ह्यू बार्टनने १८२१ मध्ये तिथे लांगोआ हा मळा वाड्यासकट विकत घेतला आणि १८२६ मध्ये शेजारच्या मोठ्या लेओव्हिल मळ्याचा एक हिस्सा. या हिश्शाबरोबर ना वाडा आला ना वाइन बनवायची जागा, म्हणून लेओव्हिल बार्टन लांगोआच्याच आवारात तयार होऊ लागली आणि लेबलवर चित्रही लांगोआच्या वाड्याचंच आलं. मळे आजही त्याच घराण्याकडे आहेत. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ च्या प्रतवारीत लेओव्हिल बार्टनला दुसरी श्रेणी मिळाली, लांगोआला तिसरी.

खरेदी करताना ही माहिती उपयोगी पडते. लेओव्हिलचे तीन तुकडे झाले आणि तिन्हींच्या नावात लेओव्हिल आहे: लास काझ, प्वाफेरे आणि बार्टन. तिन्ही दुसऱ्या श्रेणीतल्या, पण मालक वेगळे, चव वेगळी, किंमत तर फारच वेगळी. लास काझ साधारणपणे बरीच महाग असते. त्यामुळे नुसतं ‘लेओव्हिल’ म्हणून मागणी नोंदवू नका. लेबलवर ‘रेझर्व द लेओव्हिल बार्टन’ असेल तर ती याच मळ्याची दुसऱ्या फळीतली वाइन. स्वस्त, लवकर पिण्याजोगी आणि चांगली, पण ती मुख्य वाइन नव्हे.

जुनी बाटली घेताना आधी पातळी बघा. बाटली उभी धरल्यावर वाइन मानेपर्यंत असावी. वीस-पंचवीस वर्षांनी मानेच्या तळाशी उतरली तरी चालेल. खांद्याच्या मध्यापर्यंत गेली असेल तर बुचातून हवा आत शिरलेली आहे, सोडून द्या. बूच काठाच्या वर उचललेलं असेल किंवा आवरणाखाली चिकट ओघळ असेल तर बाटली कुठेतरी उन्हात तापली, असं समजा. अशी वाइन शिजवलेल्या फळासारखी लागते आणि ते मागे फिरवता येत नाही.

या वाइनमध्ये साधारण तीन चतुर्थांश काबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं असतात, बाकी बहुतेक मर्लो आणि थोडी काबर्ने फ्रां. मुरते ओकच्या पिंपात, दीड वर्षाच्या आसपास. काबर्नेच्या जाड सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, वाइनच्या तरुणपणी जिभेला कच्च्या सुपारीसारखं आवळतं. २००५, २०१० किंवा २०१६ सारख्या वर्षांच्या घट्ट वाइनना म्हणूनच निदान बारा-पंधरा वर्षं द्यावीत. घाईने उघडली तर वाइन बिघडलेली नसते, फक्त तोंड उघडत नाही, आणि दोष मळ्याला दिला जातो.

साठवण १२ ते १४ अंशांत, आडवी, अंधारात, म्हणजे बूच ओलं राहतं. मुंबई-पुण्यात वाइनचं वेगळं कपाट नसेल तर दहा वर्षं ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. पिकलेलीच बाटली घ्या आणि लवकर उघडा. तापमान सतत वरखाली होणं हे थोड्या जास्त उष्णतेपेक्षाही वाईट, कारण वाइन फुगते-आकसते आणि बूच सैल होतं.

आता उघडण्याचं. मुरताना टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटून गाळ होतात आणि आडव्या बाटलीच्या कुशीला बसतात. म्हणून दोन दिवस आधी बाटली उभी करा, की गाळ तळाशी येईल. घरात ३० अंश असतील तर ती फ्रिजमध्ये आतल्या बाजूला उभी ठेवा (दारात नको, दर वेळी हलते) आणि साधारण दीड तास आधी बाहेर काढा. प्यायची १६ ते १८ अंशांना. त्याहून गरम झाली तर अल्कोहोलचाच वास पुढे येतो, फार थंड असेल तर तुरटपणा वाढतो.

आवरण काठाखाली कापा, बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा. वीस वर्षांवरचं बूच बऱ्याचदा ठिसूळ असतं. साध्या स्क्रूने ते मधोमध तुटतं. दोन पात्यांचा काढणारा बुचाच्या कडेने आळीपाळीने दाबत आत सरकवा आणि फिरवत वर ओढा. तरीही तुकडे पडले तर बारीक चहाची गाळणी आहेच.

डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत) ओतताना मानेच्या मागे टॉर्च किंवा मेणबत्ती ठेवा. एकाच संथ धारेत ओता, मध्ये थांबून बाटली सरळ केलीत की गाळ ढवळला. बोर्दोच्या बाटलीचे उभे खांदे गाळ अडवतात. गाळाची काळी रेघ खांद्यावरून मानेत सरकली की थांबा. तळाला ५० मिलिलिटरच्या आसपास उरेल. ते प्यायच्या मोहात पडू नका, कडू असतं. तळाशी किंवा बुचाला काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टरचे, म्हणजे द्राक्षातल्याच आम्लाचे, निरुपद्रवी.

किती वेळ हवा द्यायची ते वयावर. दहा-बारा वर्षांच्या बाटलीला दोन ते तीन तास खुशाल द्या. पंचवीस-तीस वर्षांची असेल तर ओता आणि लगेच टेबलावर न्या. तिचा नाजूक वास तासाभरात उडून जाऊ शकतो. ओला पुठ्ठा किंवा बुरशी लागलेल्या तळघराचा वास आला तर तो बुचाचा दोष. हवा देऊन तो जात नाही, वाढतोच.

सोबत मेदोकात, म्हणजे सां-झुलियांच्या परिसरात, भाजलेलं कोकराचं मांस खातात: मीठ, लसूण, बस. मांसाची चरबी आणि प्रथिनं टॅनिनला मऊ करतात. तांबडा रस्सा या बाटलीसमोर मांडू नका; तिखटाने तुरटपणा दुप्पट वाटतो आणि एवढ्या वर्षांचं मुरणं मिरचीखाली दबतं. मटण करायचंच असेल तर बिनमिरचीचं, मिरी घातलेलं करा.

ग्लास मोठा घ्या आणि एक तृतीयांशच भरा. ७५० मिलिलिटरमधून गाळ वजा जाता सहाजणांना प्रत्येकी ११५ मिलिलिटर मिळतात. सातवा पाहुणा येणार असेल तर दुसरी बाटलीही दोन दिवस आधीच उभी करून ठेवा.