एकच पाणथळ जागा, वर्षभर

पक्षी बघायला लांब जायची काही गरज नाही, जवळचं एक तळं पकडा आणि तिथेच वर्षभर जात राहा, आठवड्यातून एकदा तरी, शक्यतो सकाळी आणि सूर्य पाठीमागे ठेवून, नाहीतर सगळे पक्षी नुसते काळे दिसतात. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंग ४२ मिमीची) पुरते.

खरी मजा पाणी ओसरतं तेव्हा असते. उघड्या चिखलाच्या कडेला बसून राहा, हलू नका. शेकाट्या लांब गुलाबी पायांनी पाण्यात आत चालत जातो आणि छोटी तुतवार काठावरच शेपटीकडचा भाग सारखा वरखाली करत फिरते, ही लकब एकदा डोळ्यात बसली की लांबूनही ओळखता येते, पुस्तक लागत नाही.

हिवाळ्याच्या सुरुवातीला आलेली बदकं ओळखताना गोंधळ होतो कारण नरांचा रंग तेव्हा माद्यांसारखाच मळकट असतो, तेच नर काही आठवड्यांनी बघा, काय सुंदर दिसतात!

पावसाळ्यात घरटी असतात, लांबूनच बघा प्लीज, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

तारीख, पाण्याची पातळी, पक्ष्यांची संख्या लगेच वहीत लिहा, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) टाकलं तर अजूनच छान.